मामांच्या तीन शाळा

कोल्हापुरात त्या काळी मुलाच्या तोंडाकडे न बघता त्याची शाळा सांगणारा माणूस एकच होता, आणि ते माझे मामा होते. मुलगा पाठमोरा असला तरी मामांना चालायचा. खरं म्हणजे त्यांना तो पाठमोराच लागायचा. कुणाचाही मुलगा समोर आला की आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघायचं, मग खिशांकडे, मग त्याला म्हणायचं, "वळ बघू." मुलगा वळला की मामा मान हलवत. बास, एवढ्यात त्याची शाळा, त्याचे गुरुजी, तो पास होणार की नापास, आणि मोठेपणी त्याचं काय होणार, हे सगळं त्यांना कळलेलं असायचं. तोंडाकडे ते सगळ्यात शेवटी बघत. एकदा नात्यातल्या लग्नात पंगतीला पाठ करून बसलेल्या वरपक्षाच्या अकरा मुलांच्या शाळा त्यांनी मागून चालत चालत सांगितल्या. दहा बरोबर आल्या. अकरावा मुलगा शाळेत जातच नव्हता. मामा म्हणाले, तरीच त्याचं काय वाचता येईना.

ते माझे सख्खे मामा नव्हेत, आईचे चुलतभाऊ. कुरुंदवाडहून तरुणपणी कोल्हापुरात आले, महाराजांच्या राज्यात शिवणाचं मशीन घेतलं, आणि संस्थान विलीन झालं तरी त्याच गल्लीत, त्याच फळीवर बसून मुलांच्या खाकी चड्ड्या शिवत राहिले. दुसरं काही शिवत नसत. एकदा एक वकील कोटाचं कापड घेऊन आले. मामांनी ते बोटांत धरून बघितलं, लई चांगलं हाय म्हणाले, आणि घडी घालून परत दिलं. वकील चिडले. तेव्हा मामांनी ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या. बोलताना ते टाचण्या ओठांतच ठेवत, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं नुसतं पुटपुटणं असायचं. टाचण्या काढल्या की समजायचं, आता जे येणार ते मामांच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. ते म्हणाले, "साहेब, कोट फाटत न्हाई. जे फाटत न्हाई त्यातनं मला काय कळत न्हाई."

आमच्या भागात तेव्हा मुलांच्या तीन खाजगी शाळा होत्या, आणि तिन्हींची चड्डी खाकीच. पाट्यांवरची लांबलचक नावं मामांनी कधी घेतली नाहीत. चड्डी जिथं फाटते तेच त्या शाळेचं नाव. गावाबाहेर माळावर होती ती गुडघ्याची शाळा. पेठेत होती ती खिशाची शाळा. आणि एक जुनं तळं बुजवलं होतं, त्याच्या काठावर पत्र्याच्या छपरांची एक गरीब शाळा होती, तिचं नाव मला लिहितानाही संकोच वाटतो, पण मामा ते भर रस्त्यात मोठ्यानं घेत: बुडाची शाळा. मी त्यांना एकदा हळूच सुचवलं की बैठकीची शाळा म्हणा. त्यांनी विचार केला आणि सांगितलं की बैठक खुर्चीला असते.

माळावरच्या शाळेचा त्या वेळी फार मोठा लौकिक होता. तिथली मुलं रांगेत चालत, बँड वाजवत, आणि मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांची नावं पेपरात येत. मामलेदारांची, डॉक्टरांची मुलं तिथं जात. कागलहून, कुठून कुठून मुलं येऊन तिथल्या बोर्डिंगात राहत. मामांचं म्हणणं, बँड राहू दे बाजूला, गुडघे बघा. ह्या शाळेच्या चड्डीच्या कडा आणि मुलांचे गुडघे, दोन्ही खरवडलेले. म्हणजे काय, तर तिथं मुलांना गुडघे टेकून उभं करतात. एक-दोघांना नव्हे, सगळ्यांना, आणि रोज. एका वडलांनी त्यांच्यापुढं निकालाचा पेपर आणून धरला, तर मामा म्हणाले, "पेपरात कोणबी छापतंय, पावणं. चड्डी खोटं बोलत न्हाई."

पेठेतल्या शाळेबद्दल वाद नव्हता. तिथली मुलं तालमीत जायची, तांबडी माती अंगावर घेऊन वर्गात बसायची आणि मारामारी करायची. पण ती खेळात सगळ्यांना हरवत आणि कुणाच्या घरी कार्य निघालं की न बोलावता वाढायला हजर. त्यांचे खिसे कायम फाटलेले, कारण मामा म्हणत, त्या पोरांना देवानं दोनच हात दिले आणि उचलायला सगळं कोल्हापूर दिलं. आईनं धुऊन दिलेली चड्डी ही पोरं दुरुस्तीला स्वतःच आणत, आणि वाटेत पुन्हा भरलेल्या खिशात मामांना चिंचोके सापडत, भोवरे सापडत, एकदा जिवंत बेडूक सापडला. आणि एकदा शाळेची घंटा वाजवायची लोखंडी हातोडी सापडली. तीन दिवस त्या शाळेत घंटा झाली नव्हती. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वतः शोधत शोधत दुकानात आले. मामांनी हातोडी दिली, मुलाचं नाव मात्र दिलं नाही. चड्डी कुणाची ते गिऱ्हाइकाचं गुपित असतं म्हणाले. मग त्या खिशाला त्यांनी आतून दुहेरी कापड लावलं, म्हणजे पुढच्या वेळी हातोडी नीट बसेल.

ह्या मुलांच्या चड्डीची दुमड ते चांगली चार बोटं ठेवत. माळावरच्या शाळेला दोन बोटं पुरे. विचारलं तर सांगत, माळावरची पोरं दर वर्षी पुढं जातात, बाप दर वर्षी नवं कापड आणतो. पेठेतलं पोरगं एका इयत्तेत दोन वर्षं राहतं, उंची काय थांबत नाही.

आणि तळ्याकाठची शाळा. तिचा लौकिक कसलाच नव्हता. चार-पाच मास्तरांनी मिळून काढलेली, ना बँड ना बोर्डिंग. पण तिथल्या मुलांच्या चड्ड्या गुडघ्यापाशी कोऱ्या, खिशापाशी कोऱ्या, आणि बसायच्या जागी चाळणी. ह्याचा अर्थ मामांनी असा लावला होता की कोल्हापुरात मुलं बसून अभ्यास करतात ती एकाच शाळेत. त्यातही त्या चड्ड्या पावसाळ्यात शाबूत असत आणि फाटायच्या त्या दिवाळीनंतर. त्याचाही अर्थ लागला होता: थंडी पडली की परीक्षा जवळ येते, मुलं जास्त बसतात. दुकानात एका तारेवर त्यांनी तिन्ही शाळांच्या एकेक फाटक्या चड्ड्या पुराव्यासाठी टांगल्या होत्या. नवीन माणसाला वाटायचं धुणं वाळत घातलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडील लोक मुलांना घेऊन फळीवर येऊन बसत, शिवायचं काही नसतानाही, आणि मामा तारेवरची चड्डी काठीनं फिरवून समजावून सांगत. मी स्वतः दोन बापांना वाद मिटवून तिथून उठताना बघितलं आहे.

आता माझं सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, कुरुंदवाडला. पुढं घातलं नाही, आणि मीही हट्ट केला नाही, कारण मला वर्गात बोलायची भीती वाटायची. अजूनही चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. आमच्या घरी यजमानांचे मित्र आले की मी चहा दारापाशी ठेवून कडी वाजवायची. माझा मोठा मुलगा थेट माझ्यावर गेला. घरात माझ्याशी हळू आवाजात बोलायचा, उंबऱ्याबाहेर मुका. मराठी शाळेतल्या मास्तरांनी एकदा यजमानांना गाठून विचारलं, मुलाला ऐकू येतं ना? येत होतं. सगळं येत होतं, पाटीवर लिहून दाखवायचा. विचारलं की गप्प. त्यासाठी त्यानं पुष्कळ मार खाल्ला, आणि मार खाल्ला की आणखी गप्प. तो चौथी पास झाला तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. माझ्या मनात मात्र एकच होतं: मी जिथं थांबले तिथं हा आला आहे, आता पुढं ह्याचं काय होणार. हा असाच राहिला तर मोठेपणी दाराआडून कडी वाजवून पुरुषमाणसाचं कसं भागेल?

यजमान कचेरीत कारकून. त्यांनी माळावरची शाळा ठरवली होती. त्यांच्या साहेबांचा मुलगा तिथं होता. शिस्त लागेल, चार मोठ्या घरच्या मुलांत राहील, धीट होईल, असं ते म्हणायचे. मलाही ते पटल्यासारखं वाटायचं. फॉर्म भरून झाला, खाकी ड्रिलचं कापड आणलं, आणि माप घ्यायला मामांना घरी बोलावलं. मामा आले, चहा प्याले, मुलाच्या कमरेला टेप लावला, आणि सहज विचारलं, शाळा कुठली? यजमानांनी सांगितलं. मामांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला, टाचण्या ओठांतून काढून पेटीत टाकल्या आणि कापड माझ्या पुढ्यात ठेवलं.

"ह्या शाळेची चड्डी मी ह्याला शिवत न्हाई," ते म्हणाले. "दुसऱ्या शिंप्याकडं टाका."

यजमानांना राग आला, पण सासुरवाडीच्या वडील माणसाशी बोलायचं म्हणून त्यांनी तो दाबला. म्हणाले, मामा, तुम्ही चड्डी शिवा, शाळा मी बघतो. शाळा काय ठिगळावरून ठरवायची असते? मामा म्हणाले, मग कशावरनं ठरवायची? बँडवरनं? मग ते बराच वेळ गुडघ्यांबद्दल बोलले. हे पोरगं आधीच घुमं आहे, त्याला रोज गुडघ्यावर उभं केलं तर ते जमिनीत जाईल, असं काहीसं म्हणाले. यजमान माझ्याकडे बघून हसले. आपण दोघं शहाणे आहोत, मामांचं चालू दे, असा तो हसण्याचा अर्थ होता. आणि मी हसायला पाहिजे होतं. पण मुलगा भिंतीशी उभा राहून माझ्याकडेच बघत होता.

"मला त्याला गुडघ्यावर उभा बघवायचा नाही," मी म्हणाले.

अकरा वर्षांच्या संसारात मी ह्यांच्या ठरवलेल्याविरुद्ध बोललेलं हे पहिलं वाक्य. ते काय बोलणार ह्या भीतीनं मी आत निघून गेले आणि उगीच डबे पुसत बसले. दुसऱ्या दिवशी यजमान कचेरीतून उशिरा आले. टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "तळ्याकाठी नाव घातलंय. आता त्याचं बूड फाटलं नाही तर मामांना विचारीन." आमच्या घरात तो शब्द तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला.

जून गेला, श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. चड्डी कोरीच्या कोरी. मुलगा जायचा तसा यायचा, काय झालं शाळेत म्हणून विचारलं तर, काही नाही. यजमान रविवारी त्याला मुद्दाम वळायला सांगत आणि माझ्याकडे बघून म्हणत, बसत दिसत नाही अजून. मी मामांकडे गेले. मामा बिलकूल डगमगले नाहीत. म्हणाले, अगं नवं कापड हाय, थंडी पडू दे की.

थंडी पडली, आणि दिवाळीची सुट्टी संपून आठ दिवस होतात न होतात तोच मुलगा मागं दप्तर धरून घरी आला. मी वळवून बघितलं. फाटली होती. एखाद्या आईला मुलाची फाटकी चड्डी बघून इतका आनंद झाला असेल असं मला वाटत नाही. मी ती यजमानांना दाखवली. त्यांनी उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, मामा मोठा माणूस आहे. मी ती धुऊन, वाळवून मामांकडे दिली, त्यांनी ठिगळ लावलं आणि तारेवरच्या चड्डीशेजारी धरून गिऱ्हाइकांना दाखवलं. आठ दिवसांनी ठिगळ फाटलं. मग दुसरी चड्डी. मग दोन्ही एकदम. आणि मुलाच्या कोपरावर खरचटलेलं. कशानं म्हणून विचारलं तर म्हणाला, बाकावर बसून. कोपरानं कोण बसतं, असं माझ्या मनात आलं, पण त्याला आणखी विचारलं तर तो बोलायचा तेवढंही बोलणार नाही म्हणून मी गप्प बसले.

त्या संध्याकाळी मामा सहज घरी आले होते, आणि मुलगा अंगावर चड्डी असतानाच त्यांच्या समोरून गेला. मामा म्हणाले, "वळ बघू." वळला. मामांनी त्याला जवळ ओढलं, फाटलेल्या जागेवर अंगठा फिरवला, अंगठा डोळ्यांपाशी नेला. मग मुलाला बाहेर खेळायला पाठवलं. ओठांत टाचण्या नव्हत्या, तरी त्यांनी सवयीनं ओठांवरून हात फिरवला.

ते म्हणाले, "अक्का, हे बसून झालेलं न्हाई. धाग्यात दगडाचा भुगा हाय."

ही गोष्ट त्यांना इतक्या वर्षांत कशी कळली नाही, ह्याचं कारण अगदी साधं होतं. शिंप्याकडे न धुतलेला कपडा द्यायचा नाही, हे आमच्याकडे प्रत्येक बाईला माहीत असतं. तळ्याकाठच्या शाळेतल्या शेकडो आयांनी शेकडो चड्ड्या स्वच्छ धुऊन, घडी घालून मामांकडे दिल्या होत्या, आणि दगडाचा भुगा दर वेळी मोरीत वाहून गेला होता. मी स्वतः तेच केलं होतं. मामांनी तळ्याकाठची मळलेली चड्डी हातात धरली ती त्या दिवशी पहिल्यांदा. ती त्यांनी जशी वाचली तशी सांगितली, माझ्याकडे न बघता. बसून कापड गोल विरतं. हे लांबट खरवडलंय, वरनं खाली. कोपरं सोललीत. ह्या पोराला कोणीतरी दगडावरनं फरफटत नेतंय, रोज. "आणि तिथं त्याला मी घातला," असं म्हणून ते उठले आणि चहा न घेता गेले. मामांना चहा न घेता गेलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

यजमानांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तडक शाळेत जाऊन भांडले असते आणि दुसऱ्या दिवशी मुलाला माळावर नेऊन घातलं असतं. मी दुसऱ्या दिवशी दुपारचं आवरलं, डोक्यावर पदर घेतला आणि एकटी निघाले. तळ्याकाठच्या फाटकापाशी पोचते तर तिथं मामा आधीच उभे. दुकान बंद करून आले होते. आत जायचा धीर दोघांनाही होईना. माझ्या डोळ्यांपुढं मोठी मोठी मुलं येत होती आणि त्यांच्यामध्ये माझा मुलगा, तोंडातून आवाज न काढता.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं वर्गांतून सुटली आणि सगळीच्या सगळी बुजवलेल्या तळ्याच्या बांधाकडे पळाली. तळं गेलं होतं पण त्याचा जुना दगडी उतार तसाच होता, दीड पुरुष उंच, वर्षानुवर्षांच्या चड्ड्यांनी गुळगुळीत झालेला. मुलं बाजूनं वर चढत, ओळीत उभी राहत, आणि एकेक जण वरून घसरत खाली मैदानात येत होता. खाली छत्री घेऊन हेडमास्तर उभे होते आणि उतरलेल्याला छत्रीनं बाजूला करत होते. तिथला एक नेम होता. घसरायच्या आधी आपलं नाव, वडलांचं नाव आणि आडनाव मोठ्यानं सांगायचं, म्हणजे खालचे बाजूला होतात. ज्याचं नाव हेडमास्तरांना ऐकू आलं नाही त्यानं परत ओळीत शेवटी जायचं.

माझा मुलगा वर आला. मी मामांचा दंड धरला. त्यानं दोन्ही मुठी आवळल्या, छाती भरून घेतली आणि आपलं नाव सांगितलं. नुसतं सांगितलं नाही. फाटकापर्यंत, रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. एक टांगेवाला मान वळवून बघत गेला. तो आवाज त्याच्याजवळ आहे हे मला, त्याच्या आईला, माहीत नव्हतं. मग तो घसरत खाली आला, उठला, मागची धूळही न झटकता पुन्हा वर पळाला आणि पळता पळता मागच्या मुलाला काहीतरी ओरडून सांगत होता. पुन्हा वर उभा राहिला, पुन्हा तेच नाव. मी पदर तोंडात धरला. हसत होते की रडत होते ते सांगता येणार नाही, पण तिथंच बसावंसं वाटलं.

बसले ते मामा. फाटकाजवळच्या दगडावर. कितीतरी मुलं त्यांच्या समोरून घसरून गेली. "पंचवीस वर्षं, अक्का," ते म्हणाले. "मी लोकांना सांगितलं, पोरं अभ्यासाला बसत्यात."

हेडमास्तरांनी आम्हाला बघितलं आणि ते छत्री मिटून आले. त्यांना वाटलं, आम्ही चड्डीची तक्रार घेऊन आलो आहोत. बऱ्याच आया येत असणार. आम्ही बोलायच्या आधीच ते माफी मागू लागले. म्हणाले, नुकसान होतं खरं, पावसाळ्यात शेवाळ असतं म्हणून मी बंद ठेवतो, पण एरवी बंद करवत नाही. "काही मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत, बाई. तिथं वर उभं राहिलं की उघडावं लागतं. एकदा तिथं उघडलं की मग वर्गातही उघडतं." मी मान खाली घालून हो म्हटलं. मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं.

पुढं एकदा यजमानांनी साहेबांच्या मुलाला गुडघ्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, बँडच्या खोलीमागं आम्ही सगळे गोट्या खेळतो. गुडघे टेकून उभं कुणालाच करत नव्हते. म्हणजे मामांच्या तीन शाळांपैकी बरोबर निघाली ती खिशाची तेवढी. यजमानांनी हे मामांना ऐकवायचं ठरवलं होतं, पण दुकानात गेल्यावर तारेवर चड्ड्या दिसल्या नाहीत, आणि ते नुसतं पान खाऊन परत आले. मामांनी त्यानंतर तळ्याकाठच्या मुलांच्या चड्डीला आतून ताडपत्रीचा दुहेरी तुकडा लावायला सुरुवात केली. कुणी न सांगता. त्या चड्ड्या मग फाटेनाशा झाल्या. उन्हाळ्यात वडील लोक येत आणि विचारत, मुलाला कुठं घालू? मामा म्हणत, मला काय इचारता, मधल्या सुट्टीत जाऊन फाटकापाशी उभं ऱ्हावा. काही लोकांना वाटलं मामांची नजर गेली. आता मामाही नाहीत आणि मशीनही कुणीतरी नेलं. माझा मुलगा नोकरीसाठी लांब आहे. तिथं तो सभांमध्ये बोलतो, असं त्याच्या बायकोच्या पत्रात असतं.

पण त्या दुपारचं शेवटचं सांगायचं राहिलं. हेडमास्तरांनी आम्हाला तसं जाऊ दिलं नाही, आत नेलं. सुट्टी संपायला अवकाश होता, वर्ग रिकामा होता. त्यांनी आम्हाला शेवटच्या बाकावर बसवलं आणि ते कुठंतरी गेले. मामा बाकावर बसून लाकडावरून हात फिरवत होते. तेव्हा त्यांनी मला सांगितलं की शाळेच्या आत ते आज पहिल्यांदा आले. लहानपणी त्यांना थेट मशीनवर बसवलं होतं. इतक्यात घंटा झाली, मुलं धुळीनं भरलेली आत आली, आणि शेवटच्या बाकावर वडील माणसं बघून सगळी उभी राहिली. मामांनी मागं वळून बघितलं, कोण साहेब आला म्हणून. मागं भिंत होती. तेव्हा ते घाईघाईनं स्वतःच उभे राहिले. मुलं उभी, मामा उभे, कुणीच बसेना. शेवटी हेडमास्तर येऊन बसा म्हणाले तेव्हा मुलांबरोबर मामाही बसले. माझा मुलगा तिसऱ्या बाकावर होता. तो शेजारच्याला सांगत होता, आणि हळू सांगायचं आता विसरला असावा, कारण मला शेवटी बसून स्वच्छ ऐकू आलं: "ती माझी आई. ते आमचे आजोबा."

मामांना मूलबाळ नव्हतं. भूगोलाचा तास होता. पूर्ण तास ते ताठ बसले, हात बाकावर ठेवून, पुढचा मुलगा ठेवतो तसेच. तास संपला, मुलं वह्या मिटू लागली, मी उठायच्या बेतानं पदर सावरला, तर मामा माझ्याकडे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "अक्का, अजून एक तास असंल काय?"